दोन रस्ते, नदी एकच

मोबाइलच्या नकाशावर पर्याय भरपूर दिसतात. भर पावसाळ्यात त्यातले खरे किती उरतात? कागद-पेन्सिल घेऊन हिमायतनगरच्या रस्त्यांचा मांडलेला हा हिशेब.

माझ्या आईचं माहेर विदर्भात आणि सासर मराठवाड्यात. ऐकायला लई लांब वाटतं, पण मध्ये आहे फक्त पैनगंगा. अलीकडे नांदेड जिल्ह्यातलं आमचं हिमायतनगर, म्हणजे जुन्या माणसांचं वाढोणा. पलीकडे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातली ढाणकी. गांजेगावजवळचा पूल ओलांडला की मामाचं गाव आलंच म्हणून समजा. उन्हाळ्यात सकाळी जाऊन, आजीच्या हातचं जेवून, संध्याकाळी परत यायचं, असा आमचा नेहमीचा शिरस्ता.

काही पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी मामाचा फोन आला, ‘आईला चक्कर आली, बीपी वाढलाय.’ आईनं दोन साड्या पिशवीत कोंबल्या, बाबांनी गाडी बाहेर काढली. तेवढ्यात शेजारच्या काकांनी सांगितलं, ‘कुठं निघालात? गांजेगावच्या पुलावरून पाणी चाललंय.’

बाबा म्हणाले, ‘मग हदगावहून जाऊ.’ म्हणजे आधी हदगाव, तिथून मार्लेगावचा पूल ओलांडून उमरखेड आणि मग ढाणकी. वळसा मोठा होता, पण वाट होती ना! बाबांनी हदगावच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ‘निघू नका. मार्लेगावलाही पाणी आहे, दोन्हीकडं गाड्या थांबल्यात.’

त्या दिवशी आई पिशवी मांडीवर घेऊन ओसरीत बसून राहिली. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. आजी सुखरूप होती, म्हणून आज हे निवांतपणे लिहिता येतंय. पण एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. नकाशावर दोन रस्ते होते. मग नेमक्या गरजेच्या दिवशी एकही कसा नाही?

जास्तीचा सिलिंडर

पुढं मास कॉमला आल्यावर डेटा जर्नालिझमच्या असाइनमेंटसाठी मी हाच विषय घेतला. वाचायला सुरुवात केली तेव्हा दोन शब्द सारखे समोर येत होते. रिडन्डन्सी आणि रेझिलिअन्स.

शब्द जड आहेत, अर्थ घरगुती आहे. आपण घरात एक जास्तीचा सिलिंडर भरून ठेवतो. रोज बघितलं तर तो नुसताच कोपरा अडवून बसलेला असतो. पण पाहुणे आलेले असताना चालू सिलिंडर संपला की त्याची किंमत कळते. ती रिडन्डन्सी. रस्त्यांच्या भाषेत सांगायचं तर एक वाट बंद पडली तरी दुसरी हाताशी असणं.

रेझिलिअन्स त्याहून मोठी गोष्ट. दणका बसल्यावर रस्त्यांचं सगळं जाळं किती कोलमडतं आणि पुन्हा किती लवकर उभं राहतं, हे त्यात बघतात. जास्तीची वाट हा त्याचा फक्त एक भाग.

आणि गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी मोजता येतात. ‘आमच्याकडं रस्त्यांचे हाल आहेत’ हे आपण चहाच्या टपरीवर रोज म्हणतो. पण ‘अमुक पूल बंद पडला तर इतकी गावं तुटतात’ असं आकड्यात सांगितलं की बोलण्याला वजन येतं.

सात पुलांचं कोडं

या मोजणीची सुरुवातसुद्धा नदी आणि पुलांपासूनच झाली. युरोपात कोनिग्सबर्ग नावाचं शहर होतं. आज ते रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद. शहरातून नदी वाहायची, मध्ये बेटं होती आणि सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, असं तिथल्या लोकांचं कोडं होतं. १७३६ मध्ये लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं दाखवून दिलं की हे शक्यच नाही. त्यासाठी त्यानं रस्त्यांची लांबी, रुंदी सगळं बाजूला ठेवलं. कुठला भूभाग कशाला जोडलाय, एवढंच बघितलं. आज ज्याला ग्राफ थिअरी म्हणतात, तिचा पाया तो.

मीही तेच केलं. वहीच्या पानावर सात बिंदू काढले. हिमायतनगर, भोकर, नांदेड, हदगाव, उमरखेड, ढाणकी आणि किनवट. मग मोठ्या रस्त्यांच्या रेघा ओढल्या. हिमायतनगरहून चार निघाल्या, भोकरला, हदगावला, ढाणकीला आणि इस्लापूरवरून किनवटला. नांदेडहून दोन, भोकरला आणि अर्धापूरवरून हदगावला. भोकर ते हदगाव एक, तामशावरून. हदगाव ते उमरखेड एक. उमरखेड ते ढाणकी एक. झाल्या नऊ. आडवाटा, शिवरस्ते मुद्दाम सोडले, कारण पावसात एसटी आणि अँब्युलन्स त्यावरून जात नाही.

भूगोल विषय असलेल्यांनी प्रॅक्टिकलला बीटा आणि अल्फा निर्देशांक काढला असेल. कॅरेल कान्स्की या अभ्यासकानं १९६३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या आपल्या अभ्यासात हे निर्देशांक मांडले. बीटा अगदी सोपा, रेघा भागिले बिंदू. माझ्या पानावर ९ भागिले ७, म्हणजे १.२९. एकपेक्षा जास्त आला की जाळ्यात किमान एकापेक्षा जास्त फेरे आहेत असं समजायचं. फेरा म्हणजे गेलेल्या वाटेनं न परतता जिथून निघालो तिथंच पोचता येईल असा गोल. फेरा आहे तिथं जास्तीची वाट आहे.

अल्फा त्याच्या पुढं जातो. जाळ्यात प्रत्यक्षात फेरे किती आणि जास्तीत जास्त किती असू शकले असते, याचं ते प्रमाण. फेरे मोजायचे तर रेघांतून बिंदू वजा करा आणि एक मिळवा. ९ वजा ७ अधिक १, म्हणजे ३. एकमेकींना न छेदणाऱ्या रेघांनी सात बिंदूंत जास्तीत जास्त फेरे होतात ९. म्हणून अल्फा आला ३ भागिले ९, म्हणजे ०.३३.

शून्य आला असता तर जाळं झाडाच्या फांद्यांसारखं, एक फांदी मोडली की पुढचं सगळं गेलं. ०.३३ म्हणजे तालुक्याच्या मानानं बरंच म्हणायचं. गांजेगावची रेघ खोडून बघितली. सातही गावं जोडलेलीच राहिली. ती परत काढून मार्लेगावची खोडली. तरीही जोडलेलीच. मी खूश. असाइनमेंटमध्ये लिहूनही टाकलं की हिमायतनगर-ढाणकी संपर्काला पर्यायी मार्ग उपलब्ध आहे.

आईचा प्रश्न

सुटीत घरी आले तेव्हा वही आईला दाखवली. तिला अल्फा-बीटाचं काही घेणं नव्हतं. तिनं नकाशा बघितला, ढाणकीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ह्या दोन रेघा नदी कुठं ओलांडतात?’

मी दाखवलं. एक गांजेगावला, एक मार्लेगावला.

‘मग नदी तर एकच हाय ना?’

माझ्या कागदावर नदीच नव्हती! रस्ते होते, गावं होती. जी गोष्ट रस्ते बंद पाडते तीच मी काढली नव्हती. वर ईसापूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी पैनगंगेनं खाली येतं. मार्लेगाव त्याच नदीवर, गांजेगाव त्याच नदीवर. तसंच पुढं गेलात तर माहूरजवळचा धनोड्याचा पूलही तिच्यावरच. पूल वेगवेगळे, पण त्यांना बुडवणारं पाणी एकच.

मग मी दोन्ही रेघा एकदम खोडल्या. कागदाचे दोन तुकडे झाले. एका बाजूला उमरखेड आणि ढाणकी, दुसऱ्या बाजूला बाकीची पाच गावं. आता आमच्या बाजूचा अल्फा काढून बघितला. पाच बिंदू, सहा रेघा, फेरे दोन, जास्तीत जास्त फेरे पाच. २ भागिले ५, म्हणजे ०.४०.

नीट वाचा. आधी ०.३३ होता. आजीचं गाव तुटलं आणि आमच्या बाजूचा आकडा सुधारला! नुसत्या आकड्यावर विसंबून राहिलं की असं होतं. अल्फा खोटं बोलत नाही, पण फेरे किती एवढंच तो सांगतो. ते कशामुळं तुटतील आणि तुटल्यावर कोण एकटं पडेल, हे त्याला विचारलेलंच नसतं.

बारात एक की एकशे चव्वेचाळीसात एक?

अजून एक सोपा हिशेब. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा पावसाळा १२० दिवसांचा आणि दोन्ही पूल प्रत्येकी १० दिवस बंद राहतात. म्हणजे कुठल्याही एका दिवशी एक पूल बंद असण्याची शक्यता बारात एक. दोन पुलांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता बारा गुणिले बारा, १४४ मध्ये एक. अख्ख्या पावसाळ्यात एक दिवससुद्धा नाही.

पण दोन्ही एकाच पुरानं बंद होत असतील तर? मग एक बंद तेव्हा दुसराही बंद. दहाच्या दहा दिवस संपर्क तुटणार. पूल तेवढेच, बंद राहण्याचे दिवस तेवढेच, पण एका हिशेबात आई घरात अडकत नाही आणि दुसऱ्यात दहा दिवस अडकते. इंजिनिअरिंगमध्ये याला कॉमन कॉज फेल्युअर म्हणतात, एकाच कारणानं सगळे पर्याय एकदम निकामी होणं. घरात दोन मोबाइल आहेत, पण दोन्हींत एकाच कंपनीचं सिम आहे. टॉवर बंद पडला की दोन्ही मुके. तसंच हे.

म्हणून पर्याय मोजायचा तर रस्ते किती हे मोजून भागत नाही. एकाच वेळी न बुडणाऱ्या वाटा किती, हे मोजावं लागतं. दोनपैकी एकच पूल पुराच्या पातळीच्या वर उचलला, तर तो तिसऱ्या बुडणाऱ्या पुलापेक्षा जास्त कामाचा. रेल्वेचंही तसंच. आमच्या गावातून मुदखेड-आदिलाबाद मार्ग जातो. भोकर किंवा किनवटला जायचं तर रस्ता बंद असताना तो खरा पर्याय आहे. पण ढाणकीला जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पर्याय आहे का, या प्रश्नाला ‘कुणासाठी, कुठून कुठं’ हे जोडल्याशिवाय अर्थ नाही.

महाड आणि मिनियापोलिस

दुसऱ्या बाजूची उदाहरणंही आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा पूल कोसळला. १९२८ मधला दगडी पूल तो. दोन एसटी बस आणि इतर वाहनं पुरात गेली, माणसं गेली. ते नुकसान कुठल्याही निर्देशांकात बसत नाही. पण रस्त्याचा विचार केला तर शेजारीच दुसरा, नवा पूल उभा होता. महामार्गाची वाहतूक पुढं त्याच्यावरून सुरू राहिली. दोन्ही पूल एकाच नदीवर असूनही एक वाचला, कारण दोघांचं वय आणि बांधणी वेगळी होती. पडलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल ऐन संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्यावरून रोज सुमारे १ लाख ४० हजार वाहनं जायची. तरी शहर ठप्प झालं नाही. नदीवर इतर पूल होते, लोकांनी वेळा बदलल्या, रस्ते बदलले. नवा पूल सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला.

भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या मिशेल ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेझिलिअन्सचे चार भाग सांगितले. मी माझ्या भाषेत लिहिते. एक, दणकटपणा, म्हणजे मुळात पडायचंच नाही. दोन, पर्याय. तीन, हाताशी असलेली माणसं आणि साधनं वेळेवर जुळवण्याची हुशारी. चार, वेग, म्हणजे पुन्हा उभं राहायला किती दिवस लागले.

हे मोजायची त्यांची पद्धत छान आहे. किती बंद पडलं आणि किती दिवस, या दोन्हींचा गुणाकार समजा. एक पूल पूर्ण बंद, पण दोनच दिवसांत चालू. तोटा २. दुसरा पूल अर्धाच बंद, एकेरी वाहतूक चालू, पण दुरुस्ती सहा दिवस रेंगाळली. तोटा ३. म्हणजे ‘अर्धाच तर बंद आहे’ म्हणून ढिलाई केली की तोटा जास्त. शहरातल्या अर्धवट खोदलेल्या रस्त्यांकडं बघितलं की हे लगेच पटतं.

लाख गाड्या आणि एक पिशवी

इथं एक गोष्ट खटकते. कुठला पूल महत्त्वाचा हे ठरवताना बहुतेक वेळा त्यावरून किती वाहनं जातात ते बघतात. मिनियापोलिसच्या पुलावर लाखाच्या वर, आमच्या गांजेगावच्या पुलावर त्याच्या पासंगालाही नाही. या मापानं आमचा नंबर कधी लागणारच नाही.

पण प्रश्न उलटा विचारून बघा. हा पूल गेला तर वाटेतली माणसं दुसरीकडून जाऊ शकतात की जाऊच शकत नाहीत? मिनियापोलिसमध्ये लाखभर लोकांना थोडा उशीर झाला. नदीकाठच्या गावात मोजक्याच लोकांचा दिवस बुडतो, पण त्यात कुणाचा पेपर असतो, कुणाची डिलिव्हरी, कुणाची डायलिसिसची तारीख. उशीर होणं आणि पोचताच न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या रकान्यांत मोजल्या पाहिजेत.

आणि पर्याय नसला की माणूस काय करतो, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तो पाण्याचा अंदाज घेतो. ‘घोट्याएवढंच दिसतंय’, ‘पुढची गाडी गेली ना’. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली आणि जीव गेले, ही बातमी आमच्या भागात कुणीच विसरलेलं नाही. ती मोठी नदीसुद्धा नव्हती, नाला होता. म्हणून आपल्या नकाशात फक्त मोठे पूल धरून चालणार नाही. रेघ जिथं जिथं पाणी ओलांडते तिथं तिथं ठिपका द्यावा लागेल.

तुमचं पान

हे काम करायला सिव्हिल इंजिनिअर असायची गरज नाही. तुमच्या तालुक्याची मुख्य गावं आणि रस्ते एका पानावर काढा. प्रत्येक रेघ कुठली नदी, कुठला नाला ओलांडते ते वेगळ्या रंगानं लिहा. मग एकेक रेघ न खोडता एकेक नदी खोडा, म्हणजे तिच्यावरचे सगळे पूल एकदम बंद समजा. कागदाचे तुकडे किती होतात आणि दवाखाना, कॉलेज, बाजार कुठल्या तुकड्यात राहतात ते बघा. कोडिंग येत असेल तर ओपन स्ट्रीट मॅपचा नकाशा फुकट मिळतो आणि पायथनमधली नेटवर्कएक्स ही लायब्ररीही फुकट आहे. शेकडो गावांचा हिशेब लॅपटॉपवर होतो.

पण सॉफ्टवेअर देऊ शकत नाही अशी एक गोष्ट गावातच मिळते. कुठला पूल कधी बंद झाला, किती तास, पाणी कुठवर आलं होतं. बातमीत ‘संपर्क तुटला’ एवढंच येतं आणि पाणी ओसरलं की विषयही ओसरतो. आपण तारीख आणि वेळ लिहून ठेवली, दोन-तीन पावसाळे ठेवली, तर ग्रामसभेत किंवा बांधकाम विभागाच्या टेबलावर ठेवायला आपल्याकडं आकडा असेल. पुराचं पाणी बघायला मात्र पुलावर जाऊ नका, पुलाशेजारी राहणाऱ्याला फोन करा.

मी असाइनमेंटमधलं ते ‘पर्यायी मार्ग उपलब्ध आहे’ हे वाक्य खोडलं. त्याऐवजी लिहिलं, ‘पैनगंगेला पूर नसताना उपलब्ध आहे.’ मार्क तेवढेच पडले.

घरी आता कॅलेंडरशेजारी एक वही टांगली आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात गांजेगाव, तिसऱ्यात मार्लेगाव. पाऊस लागून राहिला की आई आधी मामाला फोन करते, मग हदगावला, आणि दोन्हीकडची वेळ वहीत लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून ते काम तिच्याकडंच ठेवलंय.